लहान कर्मशाळेतील यंत्रासाठी व्हाइसची निवड

शाळेच्या कर्मशाळेसाठी किंवा घरच्या छंदासाठी भोके पाडण्याचे लहान ड्रिल यंत्र घ्यावयाचे ठरले, की त्याची मोटार, वेग व किंमत यांविषयी पुष्कळ चौकशी केली जाते. यंत्र खरेदी केल्यावर जी रक्कम शिल्लक राहते तीत मिळेल तो व्हाइस आणून काम भागविले जाते. हा क्रम बरोबर नाही. यंत्राचे काम कापण्याचे. कापावयाची वस्तू ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात, न हलता धरून ठेवण्याचे काम व्हाइसचे. धरणारे साधन सदोष असेल तर उत्तम यंत्रही वाकडे भोक पाडते. त्याहून गंभीर गोष्ट ही की, वस्तू पकडीतून सुटली तर ती जवळ उभ्या असलेल्या मुलाच्या हातावर येते. म्हणून व्हाइसची निवड ही केवळ खरेदीची बाब नसून शिक्षकाच्या जबाबदारीचा भाग आहे. ही निवड कशी करावी, दुकानातच कोणत्या सोप्या परीक्षा घ्याव्यात आणि घेतलेला व्हाइस कसा वापरावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परळची परंपरा

हाताने काम करीत शिकावे, हा विचार आपल्या शिक्षणात नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मूलोद्योगाच्या द्वारा शिक्षणाची कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचविला असून त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात मुलांनी काम शिकावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

लोखंडकामातील कारागिरांचा विचार केला तर मुंबईतील परळ भागाचे स्मरण प्रथम होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा इंजिन-कारखाना १८७९ साली परळ येथे उभा राहिला; पुढे तो मध्य रेल्वेकडे आला. आसपास परळ, लालबाग, काळाचौकी या भागांत कापडगिरण्यांची दाटी झाली. माग आणि चाते अखंड चालू ठेवावयाचे तर मोडलेला भाग तेथल्या तेथे घडविता आला पाहिजे. म्हणून गिरणीत स्वतःचे मेकॅनिक खाते असे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या तरुणांपैकी कित्येक जण या खात्यांत फिटर व टर्नर म्हणून तयार झाले. दिवसा खात्यात काम आणि रात्री शिक्षण, असाही क्रम पुष्कळांनी चालविला. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालवून या वर्गाची मोठी सेवा केली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. मेकॅनिक खाती गेली आणि यंत्रे भंगारात निघाली. परंतु हातातील विद्या यंत्राबरोबर विकली जात नाही. परळ-लालबागच्या गणेशोत्सवातील हलते देखावे हे त्याचे उदाहरण होय. मान डोलविणारी मूर्ती किंवा फिरणारे चक्र यांच्या मागे मोटार, पट्टा, भुजा आणि दांडे यांची जुळणी असते. ती करण्यास एखादे लहान ड्रिल यंत्र आणि एक चांगला व्हाइस पुरतो. फिटरच्या शिक्षणाचा आरंभ आजही व्हाइसमध्ये लोखंड धरून त्यावर कानस चालविण्यापासून होतो. आधी धरावयास शिकणे आणि मग कापावयास शिकणे, हाच तो क्रम होय.

व्हाइसची रचना आणि त्यामागील शास्त्र

कोणत्याही व्हाइसमध्ये पाच मुख्य भाग असतात. बैठक, तिच्याशी अखंड असलेला स्थिर जबडा, पुढेमागे सरकणारा जबडा, त्यास सरकविणारा स्क्रू आणि स्क्रू फिरविण्याचा दांडा. दोन्ही जबड्यांच्या तोंडाशी बहुधा पोलादी पट्ट्या बसविलेल्या असतात. अंग ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असते. बीड कंपने शोषून घेते व दाब चांगला सहन करते. मात्र ते ठिसूळ असल्याने घणाचा घाव त्याला सोसत नाही.

स्क्रूमुळे हाताच्या थोड्या जोराचे रूपांतर मोठ्या दाबात कसे होते, हे आठवीच्या विद्यार्थ्यालाही गणिताने समजू शकते. दांड्याचे टोक स्क्रूच्या मध्यापासून १० सेंमी. अंतरावर आहे आणि एका फेऱ्यात जबडा २.५ मिमी. सरकतो असे समजू. एका फेऱ्यात हात सुमारे ६२८ मिमी. फिरतो. म्हणजे ६२८ भागिले २.५, सुमारे २५१ पट लाभ झाला. परंतु आट्यांमधील घर्षणात यातील बहुतांश भाग खर्च होतो. सुमारे पाचवा हिस्साच हाती लागला असे धरले, तरी दांड्यावर १० किलोचा जोर लावल्यास जबड्यांत सुमारे ५०० किलोचा दाब निर्माण होतो. घर्षण हे येथे नुकसान करते तसे उपकारही करते. कारण त्याच्यामुळेच हात सोडल्यावर स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही आणि पकड टिकून राहते.

या दाबामुळेच व्हाइसचे दोष उघडे पडतात. स्क्रू खालच्या बाजूस असतो आणि वस्तू जबड्यांच्या वरच्या भागात धरलेली असते. त्यामुळे आवळताना सरकता जबडा मागे कलतो व किंचित उचलला जातो. त्याच्याबरोबर वस्तूची एक बाजूही वर उचलली जाते. चांगल्या व्हाइसमध्ये सरकता जबडा आपल्या मार्गात घट्ट पण मोकळेपणाने बसविलेला असल्याने हे उचलणे अत्यल्प असते. हलक्या व्हाइसमध्ये ते डोळ्यांना दिसते. व्हाइसचा कस लावावयाचा तो मुख्यतः येथे.

कोणता प्रकार घ्यावा

बाकावर पक्का बसवावयाचा व्हाइस कानस व करवत चालविण्यासाठी असतो. तो उंच व जड असून ड्रिल यंत्राच्या टेबलावर ठेवण्यास योग्य नव्हे. ड्रिल यंत्रासाठी बुटका, सपाट तळाचा व्हाइस मिळतो; त्याच्या दोन्ही बाजूंस बोल्टसाठी खाचा असतात. मिलिंग यंत्राचा व्हाइस याहून जड व अधिक अचूक असतो. आडवे कापण्याचे जोर त्याला सोसावे लागतात. केवळ भोके पाडावयाची असतील तर ड्रिल यंत्राचा व्हाइस पुरे. पुढेमागे लहान मिलिंग यंत्र घेण्याचा विचार असेल, तर मात्र आरंभीच मिलिंगचा लहान व्हाइस घेणे हितावह ठरते, कारण तो दोन्ही कामे करू शकतो. ड्रिलचा हलका व्हाइस मिलिंगच्या कामास लावणे धोक्याचे आहे. फिरती बैठक किंवा कोनात कलणारी बैठक पाहून पुष्कळ जण मोहात पडतात. प्रत्येक जादा सांधा ही ढिलाईला मिळालेली एक जादा जागा असते. शाळेने साधी, अखंड बैठक पसंत करावी.

आकार ठरविताना जबड्याची रुंदी, जबडे जास्तीत जास्त किती उघडतात ते आणि एकूण उंची, अशी तीन मापे पाहावीत. १३ मिमी.पर्यंतची भोके पाडणाऱ्या बाकावरील यंत्राला ७५ मिमी. रुंदीचा व्हाइस सामान्यतः योग्य होतो. टेबल मोठे असल्यास १०० मिमी.चा घ्यावा. व्हाइस टेबलाबाहेर डोकावू नये. उंची पाहण्याचे कारण असे की, टेबल व ड्रिलचे टोक यांमधील अंतर ठरावीक असते. उंच व्हाइस त्यातील मोठा भाग खाऊन टाकतो आणि वस्तू ठेवण्यास जागाच उरत नाही. दुकानात जाण्यापूर्वी हे अंतर आणि टेबलावरील खाचांमधील अंतर मोजून लिहून न्यावे. व्हाइसच्या खाचा टेबलाच्या खाचांशी जुळल्या नाहीत, तर तो बोल्टने बांधता येणार नाही.

दुकानात घ्यावयाच्या परीक्षा

खरेदीस जाताना शिक्षकाने पिशवीत चार वस्तू न्याव्यात. लहान पोलादी गुण्या, जाड व सपाट काचेचा तुकडा, पातळ कागदाच्या चार पट्ट्या आणि एक बारीक कानस. यांच्या साहाय्याने पुढील परीक्षा दहा-पंधरा मिनिटांत होतात.

१. तळाची परीक्षा. व्हाइस काचेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबावेत. तो डुलला तर तळ सपाट नाही. असा व्हाइस बोल्टने आवळताच पिळला जातो.

२. स्थिर जबड्याची परीक्षा. जबड्यांमधील सपाट भागावर गुण्याची एक भुजा टेकवून दुसरी स्थिर जबड्यास लावावी आणि उजेडाकडे धरून पाहावे. फटीतून उजेड दिसता कामा नये. सर्व मोजमापे स्थिर जबड्यापासून होत असल्याने हा कोन चुकलेला व्हाइस अन्य गुणांमुळे पत्करू नये.

३. उजेडाची परीक्षा. जबडे हलकेच मिटवून मागून उजेड पाहावा. रेघ सर्वत्र सारखी असावी. एका टोकास रुंद व दुसऱ्या टोकास अरुंद अशी फट दिसल्यास जबडे समांतर नाहीत.

४. ढिलाईची परीक्षा. जबडे अर्धे उघडून सरकता जबडा हाताने डावीकडे-उजवीकडे व वर-खाली हलवून पाहावा. हाताला जाणवेल असे हलणे हा दोष समजावा. त्या जबड्याच्या खाली त्यास धरून ठेवणारी पट्टी व तिचे स्क्रू आहेत का, हेही पाहावे. ते असल्यास पुढे झीज झाली तरी काही अंशी दुरुस्ती करता येते.

५. स्क्रूची परीक्षा. जबडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावा. हाताला लागणारा जोर सर्वत्र सारखा असावा. काही ठिकाणी जड व काही ठिकाणी हलका चालत असेल तर स्क्रू वाकलेला आहे किंवा आटे नीट कापलेले नाहीत. दांडा उलटसुलट करताना थोडा रिकामा फिरतो, तो मात्र दोष नव्हे. आट्यांना तेवढी मोकळीक लागतेच.

६. कागदाची परीक्षा. ही सर्वांत महत्त्वाची आहे. सारख्या उंचीच्या दोन पट्ट्या जबड्यांमध्ये खाली ठेवून त्यांच्या टोकांवर कागदाच्या चार पट्ट्या ठेवाव्यात आणि त्यांवर एक सरळ, चौरस तुकडा बसवावा. व्हाइस आवळून प्रत्येक कागद हळूच ओढून पाहावा. चारही घट्ट असतील तर व्हाइस उत्तम. सरकत्या जबड्याकडील कागद निसटत असतील तर जबडा वस्तूला उचलीत आहे. अशा वेळी कारागीर लाकडी हातोडीने वस्तू हलकेच खाली ठोकून बसवितात. एवढ्याने कागद घट्ट झाले तर ड्रिलच्या कामापुरता तो व्हाइस चालू शकेल.

७. कठीणपणाची परीक्षा. दुकानदाराच्या अनुमतीने जबड्याच्या पट्टीच्या कडेला, नजरेत न येणाऱ्या जागी, कानशीचा कोपरा हलकेच ओढावा. कानस घसरली तर पट्टी पाणी दिलेल्या पोलादाची आहे. ती रुतली तर पट्टी मऊ असून लवकर झिजेल. पट्ट्या स्क्रूने बसविलेल्या असाव्यात, म्हणजे झिजल्यावर बदलता येतात. एखाद्या पट्टीत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची उभी व आडवी खाच असल्यास गोल सळई धरणे सोपे जाते.

८. ओतकामाची परीक्षा. व्हाइस उलटा करून पाहावा. वरून जाड रंग दिलेला असतो. खालची बाजू बहुधा उघडी राहते आणि तीच खरे सांगते. तेथे फुग्यांसारखी भोके, लांबीने बुजविलेले खड्डे किंवा बारीक भेग आढळल्यास तो बाजूला ठेवावा. दोन सारख्या आकाराच्या व्हाइसांपैकी जो जड भरेल त्याच्याकडे प्रथम लक्ष द्यावे. परंतु केवळ वजन म्हणजे गुण नव्हे.

खरेदीचे स्थान

मुंबईत अवजारांच्या खरेदीसाठी नागदेवी स्ट्रीटचा परिसर प्रसिद्ध आहे. परळहून लोकलने मशीद स्थानकावर उतरले की तो पायी गाठता येतो. एकाच रस्त्यावर अनेक दुकाने असल्याने तोच आकार निरनिराळ्या ठिकाणी पडताळून पाहता येतो. पंजाबातील जालंदर हे हातअवजारांच्या निर्मितीचे मोठे केंद्र असून तेथील मालही या बाजारात येतो. एकाच छापाचे दोन नगसुद्धा नेहमी सारखे नसतात. म्हणून नमुन्याचा नग पाहून बंद खोक्यातील दुसरा उचलू नये. ज्याची परीक्षा घेतली तोच नग बांधून घ्यावा.

जुना व्हाइस घेण्यास हरकत नाही. झिजलेल्या पट्ट्या बदलता येतात, गंज घासून काढता येतो. परंतु बिडाच्या अंगाला सांधा मारून जोडलेला, स्थिर जबडा हललेला किंवा तळाला ड्रिलने भोके पडलेला व्हाइस स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. यातील ज्ञान कमी असलेल्या शिक्षकाने एखाद्या निवृत्त फिटरला सोबत न्यावे. परळ-लालबागच्या चाळींतून गावी परतलेले असे कामगार रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा या जिल्ह्यांतील कित्येक गावांत आढळतील. शाळेने आदराने बोलाविले तर असा मनुष्य खरेदीस साहाय्य करील आणि मुलांना चार गोष्टीही शिकवील. ही पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या हातची विद्या मुलांपर्यंत पोहोचविण्यास फार काळ उरलेला नाही, हे मुख्याध्यापकांनी ध्यानात घ्यावे.

वापर आणि सुरक्षितता

पत्र्याला किंवा पट्टीला भोक पाडताना अपघाताचा क्षण ठरलेला असतो. ड्रिल खालच्या बाजूने बाहेर पडू लागते तेव्हा शेवटचा पातळ थर कापला न जाता फाटतो, ड्रिलच्या पन्हळीत अडकतो आणि सगळी वस्तू ड्रिलबरोबर फिरू लागते. यंत्राचा वेग मिनिटाला १,००० फेरे असेल आणि पट्टी भोकापासून २० सेंमी. लांब असेल, तर ड्रिलच्या वेगाने फिरणाऱ्या पट्टीचे टोक ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाने येते. मनुष्याचा हात तिला थांबवू शकत नाही. लहान वस्तू हातात धरून भोक पाडू नये, या नियमाला अपवाद नाही.

व्हाइस नुसता टेबलावर ठेवूनही भागत नाही. तो दोन बोल्टनी बांधावा. बांधण्यापूर्वी जागा जुळविताना यंत्र बंद असावे. याशिवाय व्हाइसचा लांब भाग यंत्राच्या खांबाच्या डाव्या बाजूला टेकेल असा ठेवावा. ड्रिल वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते; वस्तू अडकली तर डावे टोक खांबाकडे जाते आणि तेथेच अडते. भोक पूर्ण होत आले की दाब कमी करावा.

चालू यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत. सैल बाही, ओढणी व मोकळे केस आवरून घ्यावेत. डोळ्यांवर चष्मा असावा आणि लोखंडाचा चुरा ब्रशने काढावा, हाताने किंवा फुंकरीने नव्हे. प्राथमिक शाळेत यंत्र चालविणे शिक्षकाच्या हाती व व्हाइसमध्ये वस्तू बसवून आवळणे विद्यार्थ्याच्या हाती, अशी वाटणी करावी. आवळून झाल्यावर शिक्षकाने स्वतः पकड तपासावी व मगच यंत्र सुरू करावे.

निगा

कोकणपट्टीच्या दमट हवेत उघडे लोखंड एका रात्रीतही गंजते. काम संपल्यावर व्हाइस ब्रशने झाडून कोरड्या फडक्याने पुसावा आणि उघड्या भागांवर तेलाचा हात फिरवावा. आट्यांत चुरा राहिला तर तो कानशीप्रमाणे आटे खातो. म्हणून आठवड्यातून एकदा स्क्रू पूर्ण बाहेर आणून साफ करावा. पकड वाढावी म्हणून दांड्यात नळी घालून जोर लावू नये व दांड्यावर हातोडी मारू नये. व्हाइसचा ऐरण म्हणून उपयोग करू नये. पितळ, ॲल्युमिनियम किंवा रंगविलेली वस्तू धरताना जबड्यांवर पातळ तांब्याचे किंवा लाकडाचे आवरण घालावे. वस्तू शक्यतो जबड्यांच्या मध्यभागी धरावी. एका टोकाला धरणे भाग असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालावा, म्हणजे जबडा तिरका होत नाही.

वर्गातील उपयोग

वर सांगितलेल्या परीक्षा विद्यार्थ्यांकडूनही करून घ्याव्यात. दांड्याचे दहा फेरे मोजून जबडा किती सरकला ते मोजपट्टीने पाहावे, त्यावरून एका फेऱ्याचे माप काढावे व स्क्रूचा लाभ गणिताने शोधावा. गुण्याच्या परीक्षेत काटकोन, उजेडाच्या परीक्षेत समांतर रेषा आणि कागदाच्या परीक्षेत घर्षण, असे तीन पाठ एका साधनातून होतात. वर्षाच्या आरंभी व अखेरीस कागदाची परीक्षा घेऊन तिचा निष्कर्ष कर्मशाळेच्या नोंदवहीत दिनांकासह लिहावा. त्यावरून झीज किती झाली हे कळेल आणि पट्ट्या केव्हा बदलावयाच्या याचा निर्णय वेळीच घेता येईल. नोंदवहीतील ही नोंद विद्यार्थ्यांनीच करावी व शिक्षकाने तपासून सही करावी.